उंबऱ्यावरून आत

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. मध्ये माइक बंद पडला तेव्हाचा गोंधळ तेवढा गाळला आहे.)



संयोजकांचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर आता क्रांती चौकातून सिडकोला जाताना शेअर रिक्षातही चर्चा होते, तिथे माझी काय गरज? त्यापेक्षा मी ज्यात पडले, रडले आणि मग रमले, त्यावर बोलते.

कारणही आहे. गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी पाच-सहा जणांनी मला फोन केलेत. प्रश्न एकच. "लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीनियर सांगतात, ओपन सोर्समध्ये काहीतरी कर, नोकरीला उपयोग होतो. म्हणजे नेमकं काय करायचं? आणि कुठे जायचं?" फोनवर मी प्रत्येकाला अर्धंमुर्धं उत्तर दिलं. आज पूर्ण देते.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन मिनिटं. बहुतेक सॉफ्टवेअर बंद डब्यासारखं असतं. वापरा, पण आत काय आहे ते बघू नका. ओपन सोर्स म्हणजे झाकण उघडं. आतला कोड कुणीही वाचावा, बदलावा, सुधारून परत द्यावा. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, असं इंटरनेटवर जाहीर केलं. त्यातून लिनक्स उभं राहिलं. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या हातात या क्षणी लिनक्स आहे. ते जगभरच्या हजारो लोकांनी मिळून बांधलंय.

आपल्या गावच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने इथे नहर-ए-अंबरी आणली. जमिनीखालून पाणी यायचं आणि ते गावाचं होतं. ती खणली कुणी, गाळ कुणी काढला, त्यांची नावं कुठे नाहीत. पण कुणीतरी सतत उतरून गाळ काढत होतं, म्हणून पाणी येत होतं. ओपन सोर्स ही तशीच नहर आहे. आणि गाळ काढणारं कुणी उरलं नाही की काय होतं, नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता माझी गोष्ट.

२००२ साली मी इंजिनिअर झाले, पुण्याला नोकरी लागली, आठ वर्षं केली. मग मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण, यांचं काम वाळूजला. आम्ही परत इथे आलो आणि माझी नोकरी सुटली. वर्षभराचं म्हणून सोडलेलं काम सहा वर्षं सुटलं. परत उभं राहायचं ठरवलं तेव्हा मुलाखतीत प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, "मधली वर्षं काय केलंत?" मी खरं सांगायचे. समोरचा माणूस मान हलवायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचाच नाही. एका कंपनीतल्या मुलाने, तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असेल, सुचवलं, "मॅडम, ओपन सोर्समध्ये काही काम दाखवा, मग बोलू."

मी तेच केलं, जे आज तुमची मुलं करतात. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत प्रसिद्ध नाव निवडलं. त्या प्रकल्पाचं नाव सांगत नाही. घरातले सगळे झोपल्यावर तीन रात्री बसून एक दोष शोधला, दुरुस्त केला आणि पाठवला. अकरा दिवसांनी उत्तर आलं. एका ओळीचं. नियम आधी वाचा, असं. खाली शिक्का, "बंद".

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. पण पस्तिशी ओलांडलेली, सहा वर्षं घरात असलेली, मराठी माध्यमातली बाई जेव्हा आधीच स्वतःला विचारत असते की आपल्याला हे जमेल का, तेव्हा तिला एक ओळ पुरते. मी लॅपटॉप मिटला, तो दीड वर्ष उघडला नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही.

पुन्हा उघडला तो मुलीमुळे. ती तेव्हा दुसरीत होती. टॅबवर मुलांची पुस्तकं वाचायचं एक छोटं मोफत ॲप होतं, ओपन सोर्स. एक दिवस वाचता वाचता म्हणाली, "आई, हा शब्द मोडलाय." बघते तर डोंगर आणि दऱ्या यातला 'दऱ्या' खरंच मोडला होता. ऱ सुटा, त्याच्या पायाखाली लटकलेला हलन्त आणि या वेगळा.

बाई, तुम्ही इथे समोर बसला आहात. आठवीत तुम्ही माझा अर्धा गुण कापला होता, मी 'डोंगरदर्या' लिहिलं म्हणून. तुम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले, दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, एक डोंगरातली. मग दुसरी जोडी, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. म्हणालात, "रफार चुकलात, तर गुरुजींना स्वयंपाकघरात पाठवाल." सगळा वर्ग हसला होता. मी नव्हते हसले, माझा अर्धा गुण गेला होता.

पण त्या अर्ध्या गुणामुळे मला त्या रात्री कळलं की इथे काय बिघडलंय. हा आडवा, पापणीसारखा र हिंदीत नाही. मराठीत आहे, नेपाळी-कोंकणीत आहे. संगणकात तो ऱ या वेगळ्या अक्षरापासून तयार होतो. फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केला असेल आणि त्यात हा नियमच घातला नसेल, तर शब्द मोडतो. हे काम आपल्याकडे लोकांनी आधीच केलेलं होतं. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित या फॉन्टवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आणि तो २०११ पासून खुल्या फॉन्ट परवान्याखाली कुणालाही वापरता येतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आहे. चांगलं मराठी उमटवणारे मोफत फॉन्ट होते. फक्त त्या ॲपवाल्यांना ते माहीत नव्हतं.

दोन दिवस मी विचार करत बसले, कळवू की नको. मागच्या खेपेची जखम होती. म्हणून यावेळी मी एक वेगळी गोष्ट केली, आणि आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. मी लिहिण्याआधी वाचलं. त्या प्रकल्पात माझ्याआधी नवी माणसं आली होती, त्यांनी काय विचारलं आणि त्यांना काय उत्तर मिळालं, ते मागचं वर्षभराचं वाचून काढलं. सगळं उघडंच असतं. एका मुलाने फारच बाळबोध प्रश्न विचारला होता. त्याला तिथल्या माणसाने उत्तर दिलं होतंच, वर म्हटलं होतं की ही गोष्ट आमच्या माहितीत लिहिलेली नाही, चूक आमची, आता लिहितो. आणि खरंच लिहिली होती.

मग मी कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ॲप सांभाळणारा माणूस लिहीत होता, मला तुमची लिपी वाचता येत नाही. हा शब्द कसा दिसायला हवा, ते मला दाखवाल का?

मी मुलीची दुरेघी वही घेतली, तिच्या पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दऱ्या', बाजूला 'दर्या', फोटो काढला आणि पाठवला. माझं ओपन सोर्समधलं पहिलं योगदान म्हणजे दुरेघी वहीचं एक पान.

त्यानंतर त्याने विचारलं, फॉन्ट बदलल्यावर बरोबर झालं की नाही हे मला कसं कळणार? म्हणून मी शब्दांची यादी केली. पुऱ्या, वाऱ्यावर, कोऱ्या, बिचाऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, ऱ्हस्व, गोऱ्हा. आणि रफार शाबूत राहिला की नाही हे बघायला सूर्य, आचार्य, पर्याय. ही यादी त्या कोडमध्ये चाचणी म्हणून गेली. पुढे कुणीही काही बदल केला की आधी हे शब्द तपासले जातात. जी गोष्ट मी आयुष्यभर कमतरता म्हणून लपवत आले होते, माझं मराठी माध्यम, तिची तिथे गरज होती. वर्षभरात त्या प्रकल्पात माझी तीसेक कामं जमा झाली. पुढच्या मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारलं, तेव्हा मी ती उघडून दाखवली. नोकरी मिळाली. आजही इथूनच, घरून करते.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झालं असतं. पण दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात.

पहिली. काही वर्षांनी मी तो पहिला, नाकारलेला बदल पुन्हा उघडून पाहिला. आणि मला लाज वाटली. एक दोष दुरुस्त करताना माझ्या एडिटरने चाळीसेक फायलींमधल्या मोकळ्या जागा बदलून टाकल्या होत्या. तपासणाऱ्याला खरा बदल शोधायला तासभर गेला असता. नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, असं करू नका. मी वाचलं नव्हतं. म्हणजे बदल नाकारला ते बरोबरच होतं. पण त्याच ओळीत "मोकळ्या जागांचे बदल काढून पुन्हा पाठवा" एवढं लिहिलं असतं, तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आता मीही त्या वाचनाच्या ॲपच्या सांभाळणाऱ्यांपैकी एक आहे. मागच्या वर्षी मार्च अखेरीस, नोकरीतल्या कामाने जीव मेटाकुटीला आलेला असताना, रात्री साडेबाराला एका विद्यार्थ्याचा बदल तपासायला घेतला. गबाळं काम होतं. मी एक ओळ लिहिली, "कृपया सूचना वाचा", आणि बंद केला. सकाळी चहा ठेवताना आठवलं. ही ओळ माझ्या ओळखीची होती. चहा उतू गेला. मी परत जाऊन त्याला तीन वाक्यं लिहिली, काय चुकलं, कुठे बघायचं आणि दुरुस्त करून पाठव, मी वाट बघते. त्याने पाठवलं. पण मला रात्रभर कळलं नव्हतं, हे मी विसरत नाही.

म्हणून मी आता "अमुक प्रकल्प प्रेमळ, तमुक खडूस" असं सांगत नाही. घर तेच असतं, उंबऱ्यावर त्या दिवशी कोण उभं आहे आणि किती दमलंय, त्यावर बरंच ठरतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा मोठा दोष उघडकीला आला. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्या ओपनएसएसएलवर उभी होती, त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. अशा माणसाकडून गोड शब्दांची अपेक्षा ठेवताना आपणही जरा विचार करावा.

पण दमणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या तिखट ईमेलांबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले आणि त्याच सुमाराला लिनक्सने नवी आचारसंहिता स्वीकारली. कुणी "असंच असतं इथे, कातडी जाड करा" म्हणालं, तर तुमच्या मुलांना हे उदाहरण द्यायला सांगा.

आणि दारावरची पाटीही महत्त्वाची असते. २००६ साली ग्नोम या प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी १८१ अर्ज आले. त्यात मुलींचे किती? एकही नाही. ग्नोमच्या लोकांनी मग खास मुलींसाठी उपक्रम जाहीर केला, तर शंभर अर्ज आले. मुली होत्याच. हे दार आपल्यासाठी आहे असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, इतकंच. त्याच उपक्रमातून पुढे आउटरीची तयार झाला. तिथे घरून काम करता येतं, मानधन मिळतं, विद्यार्थी असलंच पाहिजे अशी अट नाही. आपल्या वर्गातल्या ज्या मैत्रिणींचं काम मध्येच सुटलंय, त्यांनी मुलींसाठी नाही, स्वतःसाठी बघा.

आता फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मुलांना सांगा:

एक, मोठं नाव शोधू नका. तुम्ही स्वतः रोज काय वापरता आणि त्यात काय खटकतं, तिथून सुरुवात करा. ज्याची झळ आपल्याला बसते, ते काम अर्धवट सुटत नाही.

दोन, निवडण्याआधी त्या प्रकल्पातली नवख्यांची मागची दहा-पंधरा संभाषणं वाचा. उत्तर किती दिवसांनी येतं? चुकलेल्याला वाट दाखवतात की दार? आचारसंहिता लिहिलेली असेल तर चांगलंच, पण ती भिंतीवरच्या सुविचारासारखी आहे की पाळली जाते, ते या संभाषणांतच कळतं.

तीन, सुरुवातीच्या सूचना वाचून ते सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चालवून बघा. चाललं नाही, तर कुठे अडलं ते लिहून ठेवा. सूचनांमधली ती उणीव दुरुस्त करणं हेच पहिलं योगदान होऊ शकतं. जुन्या लोकांना ती दिसत नाही, कारण ते ती पायरी कधीच ओलांडून गेलेले असतात.

चार, नवख्यांसाठी म्हणून राखलेली सोपी कामं बऱ्याच ठिकाणी वेगळी दाखवलेली असतात. ती ताजी आहेत की तीन वर्षं धूळ खात पडली आहेत, ते बघा. ताजी असतील तर आत कुणीतरी जागं आहे.

पाच, कोड आलाच पाहिजे असं नाही. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याची बटणं, सूचना, इशारे मराठीत आणायचं काम ट्रान्सलेटविकी या ठिकाणी होतं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसला मराठी आवाज हवे असतात, आणि आपल्या मराठवाडी बोलीचा आवाज पुण्याच्या माणसाला देता येणार नाही. निवृत्त सर-बाईंनो, हे तुमच्यासाठीही आहे. शुद्धलेखनाचे इतके अर्धे गुण तुम्ही कापलेत, आता जरा भरपाई करा.

सहा, पाहुण्यानेही रीत पाळावी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. तर लोकांनी दुसऱ्याच्या कामात एखादा निरर्थक शब्द घुसवून बदल म्हणून पाठवायला सुरुवात केली. सांभाळणारे इतके वैतागले की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. त्यात आपल्याकडच्या मुलांचंही नाव खराब झालं. बायोडेटात एक ओळ हवी म्हणून कुणाच्या घरात शिरू नका.

आणि सात, एवढं करूनही कुणी तोडून बोललं, तर आधी त्यातलं खरं किती ते बघा. असेल तर दुरुस्त करा. मग पुन्हा एकदा जा. पुन्हा तसंच झालं, तर चपला घाला आणि दुसऱ्या घरी जा. तो पराभव नाही. फक्त माझ्यासारखं दीड वर्ष घालवू नका.

शेवटचं. मुख्याध्यापकांशी मी सकाळी बोलले. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस शाळेचा संगणक कक्ष मिळेल, असं ते म्हणालेत. आपल्या शाळेच्या नववी-दहावीच्या आणि तुमच्या कॉलेजातल्या मुलांना घेऊन या. मी असेन, आपल्या तुकडीतले आणखी दोघं येणार आहेत. एक छोटा प्रकल्प निवडून ठेवू, मराठी शब्द तपासायचा. पहिल्या दिवशी सगळे चुकतील. आम्ही तिघांनी ठरवलंय की एका ओळीचं उत्तर कुणाला द्यायचं नाही.

बाई, तुम्हाला वेळ असेल तर तुम्हीही या. आमची शब्दांची यादी अजून अपुरी आहे. आणि आठवीतल्या त्या अर्ध्या गुणाबद्दल, तीसेक वर्षं उशिरा का होईना, धन्यवाद.